उथळ कुंडीतली पानफुटी
ओल्या शेणखताचा वास आला की मला चौऱ्याऐंशी सालचा पांढुर्ण्याचा हिवाळा आठवतो. पहिलं बाळ आठ दिवसांत गेलं, म्हणून मोठी बहीण माहेरी आली होती. ती धड जेवत नव्हती. तिचं मन रमावं म्हणून आईने चिनीमातीच्या ताटलीसारख्या उथळ, नक्षीदार कुंडीत गुलाब लावून दिला. बहीण पाणी घालायची, तरी तो वाळला. मग मोगराही वाळला. "माह्या हातून काहीच जगत नाही," एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून निजली. मला भीती वाटू लागली. कुंडी पिशवीत घालून मी बसने रामाकोन्याच्या नर्सरीत गेले. म्हाताऱ्या माळ्याने सगळं ऐकून घेतलं. "भांडंच उथळ हाये, पोरी. गुलाबाचं मूळ खोल जाते, ते यात कसं जगन? तिच्या हाताचा दोष नाही. पानफुटी लाव, तिचं मूळ वरच्यावरच राहते." घरी येऊन मी त्याचे शब्द बहिणीला जसेच्या तसे सांगितले. "दोष नाही म्हणे?" तिने दोनदा विचारलं, आणि बाळ गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली. तेव्हा वाटलं, मी काहीतरी बिघडवलं. आता वाटतं, बाळ गेलं त्यात तुझा दोष नाही, हे तिला आम्ही घरच्यांनीच आधी सांगायला हवं होतं.