सहा बोटं उंच: नागपूरच्या खदानीत एक बिनगद्दीची सायकल

वैशालीचा फोन आला मंगळवारी दुपारी. "ताई, रविवारी सायकल विकून राहिली मी. वर्ध्याहून एक जण येते घ्यायले. तुले पाहायची होती ना? मग आता ये, नाहीतर राहिलंच."

चार वर्षं मी नुसती "येते, येते" म्हणत होते. पण तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढलेल्या माणसाला एवढं पक्कं ठाऊक असतं, की मुदत पडल्याशिवाय काही हलत नाही. मुदत पडली. पुण्याहून गुरुवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं, स्वेटर शोधला आणि निघाले.

वैशाली माझी मावसबहीण. नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आठवडाभर संगणकासमोर बसते आणि रविवारी शहराबाहेरच्या बंद दगडखाणीत सायकलवरून दगडांवर उड्या मारते. या प्रकाराला ट्रायल्स म्हणतात. वेगाशी याचा संबंध नाही. दगड, कडे, ओंडके यांच्यावरून सायकल न्यायची आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही, एवढाच खेळ. पाय टेकला की दंडाचा एक गुण. या सायकलला सीट नसते, कारण बसायला सवड मिळत नाही.

"पण विकतेस कशाला?" मी फोनवर विचारलं होतं.

"जमत नाही वं आता. चार महिने झाले, नुसती मागच्या मागं पडून राहिली मी. एकोणचाळिसावं लागलं, अंगात भीती बसली. दुसरं काय!"

आवाज हसरा होता. पण ती फोन ठेवायची घाई करत होती, आणि वैशाली फोन ठेवायची घाई कधीच करत नाही.

शुक्रवार

हिवाळ्यात नागपूरला जाणाऱ्यांना पहिला सल्ला: पुण्याची थंडी आणि नागपूरची थंडी यांची ओळखदेखील नाही. स्टेशनबाहेर पडल्या पडल्या कानाला रुमाल बांधला. दुसरा सल्ला: पोह्यांवर तर्री घालू का, असं कुणी विचारलं तर "थोडी" म्हणू नका. थोडी ही नागपुरात मोजण्याची रीत नाही. मी म्हणाले, आणि बशीत पोहे शोधावे लागले. डोळ्यांतून पाणी आलं, थंडी मात्र गेली.

सायकल दिवाणखान्यात फ्रिजशेजारी उभी होती. लहान मुलाच्या सायकलसारखी छोटी चाकं, जाडजूड टायर, आणि सीटच्या जागी काहीच नाही. वैशालीनं ती खाली पार्किंगमध्ये आणली. वॉचमन चार वर्षांपासून पाहत असावा, तरी त्यानं विचारलंच, "मॅडम, गद्दी अजून नाई लावली?"

तिनं दोन्ही ब्रेक दाबले, उभी राहिली, दोन छोट्या उड्या मारल्या, मग पुढचं चाक उचललं. चाक उठलं ते उठतच गेलं. सायकल तिच्या पायांखालून पुढे निसटली आणि ती मागे, दोन पायांवर धडपडत उतरली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर पार्किंगच्या फरशीवर बसलीच.

"पाहिलं? हेच चालू आहे."

मी सायकल चालवत नाही, पण प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. संत्री सोलता सोलता तिच्याकडून सगळं काढून घेतलं. दोन पायडलांच्या मधोमध फ्रेममध्ये एक आडवी नळी असते, तिच्यातून पायडलांची धुरी, म्हणजे आस, जाते. ही जागा म्हणजे बॉटम ब्रॅकेट. ट्रायल्समध्ये माणूस कायम उभा असतो, म्हणजे त्याचं सगळं वजन याच जागेवर. ती किती उंच, म्हणजे आपण पाटावर उभे आहोत की स्टुलावर, असा हा हिशोब. तिच्या सायकलची ही नळी आधी खूप खाली होती. सायकल स्थिर असायची, पण पुढचं चाक उचलायला जीव काढावा लागायचा आणि सायकलचं पोट दगडाला घासायचं.

मग दिवाळीच्या आधी बंगळुरूचा एक पाहुणा खदानीत खेळून गेला. त्याची सायकल मोठ्या चाकांची. पुढचं चाक असं उचलायचा की पिसासारखं. वैशालीनं टेप काढला आणि त्याच्या पायडलांची धुरी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं: साडेचौदा इंच. आपली सायकल इतवारीच्या बाजारात नेली आणि मिस्त्रींना सांगितलं, मला पण एवढीच उंच करून द्या. त्यांनी नळी कापून, पट्ट्या लावून, बरोबर साडेचौदा इंचांवर बसवून दिली.

"त्याच्या गाडीसारखीच झाली ना माझी. तो चढला, मी पडली. मग फरक कशाचा आहे? माझाच."

मी संत्र्याची फोड तोंडात टाकली.

शनिवार

विकण्याआधी चेन घट्ट करून घ्यायची म्हणून आम्ही इतवारीत गेलो. चारचाकी लांब लावा आणि चालत शिरा, हा तिसरा सल्ला. गल्लीत धान्याची पोती, पितळी भांडी, टेम्पो आणि हातगाड्या यांच्यात पहिला हक्क हातगाडीचा असतो, कारण तिला ब्रेक नसतात.

दिनकरकाकांचं, म्हणजे त्याच मिस्त्रींचं, दुकान म्हणजे रस्त्यावरचा एक ओटा आणि आत अंधार. वय सत्तरीच्या आसपास, कानात भिकबाळीसारखी अडकवलेली पेन्सिल. मुख्य काम हातगाड्या बांधायचं आणि दुरुस्त करायचं. त्यांची एक रीत आहे: गिऱ्हाईक सांगेल ते माप खडूनं भिंतीवर लिहायचं आणि त्यात फरक करायचा नाही. भिंतीवर "वैशाली १४॥" अजून होतं.

आम्ही गेलो तेव्हा ते एका नव्या हातगाडीच्या चाकाला ठोकत होते. चाकाच्या मध्यापासून एक दोरा ताणून त्यांनी फळीपर्यंत बोटं मोजली.

"हे काय मोजताय काका?" मी विचारलं.

"ओझं धुरीच्या किती वर बसते, ते. जास्त वर गेलं का गाडा मागं मान टाकते. मंग पोत्यासंगं मानूसबी लटकते."

"आणि कमी वर असलं तर?"

"तं गाडा गपगुमान राहते. पन चढावर दांडा दाबाले दोन मानसं लागते."

माझ्यामागे चेन खाली पडल्याचा आवाज आला. वैशाली आपल्या सायकलकडे पाहत होती.

"काका, तो दोरा द्या बरं."

मागच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत तिनं दोरा ताणला. एक टोक माझ्या हातात होतं. दोऱ्यापासून पायडलांच्या धुरीपर्यंत काकांनी बोटं लावली. सहा. मग तिनं फोनमधला त्या पाहुण्याच्या सायकलचा फोटो उघडला आणि काकांची पेन्सिल चाकांच्या मध्यावर आडवी धरली. त्याची धुरी त्या रेषेच्या जेमतेम दोन बोटं वर होती. जमिनीपासून दोन्ही गाड्या साडेचौदा इंच, पण त्याची चाकं मोठी, म्हणून त्याच्या चाकांचा मध्यच तीन इंच वर. त्याच्यासाठी जो पाट होता, तो वैशालीच्या छोट्या चाकांवर स्टूल झाला होता.

"काका," वैशाली सावकाश म्हणाली, "तुम्हाले हे माहीत होतं?"

"अंदाज होता."

"मग सांगितलं काहून नाई?"

"तू इंजिनिअर. माप घेऊन आली. साडेचौदा म्हनलं, साडेचौदा करून देल्लं. एक सूत इकडंतिकडं असंल तं दाखव."

"चार महिने पडून राहिली ना मी!"

"मले वाटलं, असाच खेळ असंल," काका म्हणाले. "बिनगद्दीच्या गाडीवर चढनाऱ्या मानसाले पडाच लागते."

मी चहा सांगायला बाहेर गेले, कारण हसू आवरत नव्हतं. परत आले तेव्हा किती खाली घ्यायचं यावर वाद चालू होता. काका म्हणत होते तीन बोटं ठेव, सुखानं राहशील. वैशालीला पाच हवी होती, कारण उंचीशिवाय पुढचं चाक हलकं होत नाही आणि दगडापासून पोट वाचत नाही. शेवटी चारवर तह झाला.

"पण उद्या विकतेच आहेस ना?" मी विचारलं. "मग हा खटाटोप कशाला?"

काकांनी नळी कापायला सुरुवात केली, ठिणग्या उडाल्या, तेव्हा ती म्हणाली, "उद्या एकदा चढून पाहते. आता पडली तर मात्र मीच. मग द्यायले काही वाटनार नाही."

रविवार

रस्ता सोपा आहे. मेट्रोचे खांब धरून वर्धा रोडनं सरळ, विमानतळ आणि मिहान मागे टाकायचं, मग बुटीबोरी. तिथे पाणी आणि पेट्रोल भरून घ्या, पुढे काही मिळत नाही. बुटीबोरीनंतर डावीकडे कच्चा रस्ता. खालून बसकी गाडी असेल तर पोट घासेल. खदानीत एकट्यानं जाऊ नका, आणि जमीनमालकाला विचारल्याशिवाय तर मुळीच नको. सकाळी आठ ते अकरा ही वेळ छान.

काका पुढच्या सीटवर बसून आले. आपण बनवलेली वस्तू नेमकं काय करते, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

खेळणारे पाच-सहा जण आधीच जमले होते. एका कोपऱ्यात गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे भाजायला टाकले होते, वांग्याची भाजी शिजत होती. आणि वर्ध्याचा नितीन, म्हणजे सायकल घेणारा, छोटा टेम्पो घेऊन हजर होता. सायकल बांधायला सुतळीसुद्धा आणली होती.

"भाऊ, अर्धा तास थांबा," वैशाली त्याला म्हणाली. "एक काम राहिलं आहे."

ते काम म्हणजे खाट. मांडीइतक्या उंचीचा, वरून सपाट काळा दगड, म्हणून त्याचं नाव खाट. खालून मागच्या चाकावर उभं राहून उडी मारायची आणि वर टेकायचं. चार महिन्यांत एकदाही ती त्यावर चढली नव्हती.

पहिल्यांदा ती पुढेच आपटली. सहा बोटांची सवय झालेले हात पुरेसं ओढतच नव्हते. दुसऱ्यांदा पुढचं चाक वर लागलं, मागचं राहिलं, पाय खाली. कुणीतरी "एक!" ओरडलं. नितीननं सुतळी उलगडायला घेतली.

"वं पोरी," काका बाजूच्या दगडावर बसल्या बसल्या म्हणाले, "घाई काहून करून राहिली? गाडा मान टाकत नाही आता. दमानं घे."

तिसऱ्या वेळी मी नीट पाहिलं, म्हणून सांगू शकते. पुढचं चाक उठलं, आणि थांबलं. शुक्रवारी पार्किंगमध्ये ते थांबत नव्हतं, तसंच मागे पळायचं. आता सायकल मागच्या चाकावर अर्ध्या श्वासाएवढी उभी राहिली, आणि तेवढ्या अर्ध्या श्वासात वैशालीनं गुडघे मोडले, सरळ केले आणि ती वर गेली. दोन्ही चाकं खाटेवर. वरती दोनदा टुणटुणली आणि थांबली. पाय पायडलावरच.

आरडाओरडा झाला. काकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, फक्त विचारलं, "उतरनार कशी?"

ती उतरली तेव्हा नितीन धावतच पुढे आला. "ताई, गाडी एक नंबर आहे! बांधू का?"

"नाई देत."

"काहून? फोनवर तर देते म्हनलं!"

"फोनवर गाडी वेगळी होती."

"असं नसते ना वं ताई. टेम्पो आणला मी वर्ध्याहून."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि वैशालीही ओशाळली. तिनं माफी मागितली, टेम्पोच्या भाड्याचं पाहते म्हणाली. त्यानं मान हलवली, पण चेहरा पडलेलाच. मग त्याला बसवून पहिला रोडगा त्यालाच वाढला, तुपात बुडवून. दुसऱ्या रोडग्यानंतर तो जरा सैलावला. तिसऱ्यानंतर काका त्याच्याजवळ सरकले.

"तुले मी बनवून देतो गा. पन आधी सांग, चाक केवढं?"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांच्या धंद्यात काकांनी गिऱ्हाइकाला विचारलेला तो बहुधा पहिलाच प्रश्न होता.

परत पुण्यात

तुमच्यापैकी कुणी अशी सायकल घेण्याच्या विचारात असेल, तर माझ्यासारख्या न चालवणाऱ्या बाईकडून एवढंच: उंची जमिनीपासून मोजू नका, चाकांच्या मध्यांमधून दोरा ताणून मोजा. फार वर असेल तर ती तुम्हाला मागे टाकेल, फार खाली असेल तर जागची हलणार नाही. आणि मिस्त्रींना नुसतं माप सांगू नका, त्यांना काय वाटतं तेही विचारा. त्यांना बहुधा माहीत असतं.

येताना संत्र्यांची पेटी आणली होती, ती शेजारपाजारी वाटून संपली. कानाला बांधलेला रुमाल अजून तर्रीच्या वासाचा आहे. वैशाली विकणार होती ते मोडकळीला आलेलं सामान नव्हतं, स्वतःबद्दलचं एक चुकीचं मत होतं, आणि ते घ्यायला माणूस टेम्पो घेऊन आला होता, याचं मला अजून नवल वाटतं.

परवा तिचा फोन आला. मी विचारलं, खाट कशी आहे?

"या रविवारी सात वेळा गेली वं, पाच वेळा पडली."

"अगं बाई! मग?"

"मग काय! एकदा ब्रेक उशिरा सोडला, एकदा दगड ओला होता, तीनदा घाई केली." आणि ती खळखळून हसली. "माझ्याच चुकीनं पडून राहिली ताई आता. लय मस्त वाटते."

या वेळी फोन ठेवायची घाई तिला नव्हती.