कुलूप बाहेरून, धूर आतून

पाचोऱ्याजवळच्या डेपोवर माझं पोस्टिंग आलं तेव्हा मी हवालदार होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डेपो दारूगोळ्याचा. तो नेमका कुठे होता आणि शेजारच्या गावाचं नाव काय, हे मी लिहिणार नाही. मनाई कोणी केलेली नाही. पण आयुष्यभर तोंड बंद ठेवायची सवय लागली की ती पेन्शनीत सुटत नाही.

मी धुळ्याकडचा. घरी अहिराणी, म्हणजे आमची खानदेशी बोली. मेजर साहेबांनी माझी फाइल बघितली, खूश झाले. म्हणाले, "हवालदार, गाव को ड्रिल सिखाना है. तुम इन की भाषा बोलते हो."

"येस सर," म्हणालो. तेव्हा वाटलं होतं सोपं काम आहे. कसलं सोपं!

डेपो आणि गाव यांच्यामध्ये फक्त थोडी कपाशीची वावरं होती. डेपोत आग लागली तर लोकांनी पाठीमागच्या नाल्याच्या बांधाआड जाऊन बसायचं, एवढीच ड्रिल. सायरन वाजला की घर सोडायचं, बांधाआड जायचं, गिनती द्यायची. जवानांना आम्ही अशी ड्रिल झोपेतून उठवून करायला लावतो. कारण खऱ्या वेळी डोकं चालत नाही, पाय चालतात. पायांना सवय पाहिजे.

पहिल्या ड्रिलच्या दिवशी सायरन वाजला. मी जीपवर भोंगा लावून गावात शिरलो आणि ओरडलो, "गाव खाली करा! गाव खाली करा!"

धडाधड दारं लागली. माणसं बाहेर यायच्याऐवजी आत गेली. बाया उंबऱ्यावर ठाण मांडून बसल्या. चार-पाच जण काठ्या घेऊन जीपसमोर आले. त्यांच्यापुढे आबा. आबा म्हणजे गावातला वडीलधारा माणूस. पांढऱ्या मिशा, डोळे बारीक. माणसाकडे बघायचे तेव्हा बाजारात बैल पारखल्यासारखे बघायचे.

"कोना पोऱ्या तू?" त्यांनी विचारलं.

मी वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"म्हंजे आपलाज. वा! आपलाज मानूस आपला गळा कापस."

मला राग आला. तुमच्या जिवासाठी उन्हात घसा फोडतोय आणि वर हे! पण आबांचं बोलणं संपलं नव्हतं.

"आम्ही एकदा गाव खाली कयं," आबा म्हणाले. "तवय बी जीपवर भोंगा व्हता. मंग धरणनं पानी उनं."

हे गाव मूळचं तिथलं नव्हतंच. धरणात बुडालेल्या गावातले लोक तिथे आणून वसवले होते. 'खाली करा' हे शब्द त्यांनी एकदा ऐकले होते आणि पुन्हा आपल्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मेजर साहेबांच्या इंग्रजी ऑर्डरचं मी सरळ मराठी केलं होतं आणि नेमका तोच शब्द निवडला होता. डेपोला जागा वाढवायची आहे, लष्कराला आपली वावरं पाहिजेत, आपण बाहेर पडलो की गावाचा पंचनामा होणार, अशी गावाची खात्री झाली.

आमचाही त्यांच्यावर संशय कमी नव्हता. गावातल्या सायरनची वायर दोनदा तुटली. तुटली कसली, कापली. मेजर साहेबांना घातपाताचा वास आला. मी गस्त लावली, रात्रपाळीचे जवान वैतागले. शेवटी वायर सापडली आबांच्या अंगणात. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, तिच्यावर लुगडी वाळत घातली होती.

"अक्का, ही सरकारी वायर आहे."

"माले सापडनी," अक्का म्हणाल्या आणि लुगडं झटकून पुन्हा वाळत टाकलं.

नायक कुरियन माझ्या सेक्शनमध्ये होता. केरळचा. हिंदी मोडकी, इंग्रजी थोडी, हसू भरपूर. तो रोज पाण्याचा टँकर घेऊन गावात जायचा. गावाला त्याचं नाव जमेना. ते त्याला कुरणभाऊ म्हणायला लागले आणि तोही त्या नावाला ओ द्यायला लागला. एकदा तो परत आला आणि मोठ्या कौतुकाने म्हणाला, "हवालदार साब, ये गाँव बहुत पढ़ा-लिखा है. सब औरत लोग इंग्लिश बोलता."

"काय बोलतात?"

"घर से निकलता, तो बोलता, येस! खेत जाता, तो बोलता, येस!"

मी पोट धरून हसलो. त्याला सांगितलं, बाबा रे, आमच्यात घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणतात. अहिराणीत 'मी येतो' म्हणजे 'मी येस'. जाणाऱ्याने परत यायचं बोलूनच उंबरा ओलांडायचा. कुरियनला ते फार आवडलं. तेव्हापासून बराकीतून नळावर जातानाही येस म्हणायचा. मेसचा लांगरी, म्हणजे आमचा स्वयंपाकी, कातावायचा.

त्याला समजावता समजावता माझ्याच डोक्यात उजेड पडला. मी आबांकडे गेलो. भोंगा नाही, जीप नाही. ओट्यावर बसलो आणि म्हटलं, "आबा, खाली करानं नही. येस म्हनीसन निंघानं. गिनती दिनी का परत घर."

आबांनी बराच वेळ तंबाखू मळली. मग अट घातली. "आम्ही बाहेर बससूत तवलोंग तुमना एक मानूस आमनाजोडे बसाडा."

म्हणजे ओलीस! भारतीय सेनेचा एक जवान, गाव परत घरात शिरेपर्यंत ओलीस! मेजर साहेब ऐकून खुर्चीतून उठलेच. मग हसले. कुरियन म्हणाला, "मैं बैठेगा, सर."

पुढच्या ड्रिलला गाव निघालं. दारादारातून "येस, येस" असा आवाज. बांधाआड कुरियन मधोमध बसलेला, भोवती म्हातारे त्याच्यावर नजर ठेवून. त्याला कोणीतरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्याने संपवली. मी विचारलं, "बठ्ठा उनात का?"

आबा म्हणाले, "बठ्ठा उनात." म्हणजे सगळे आले.

मेजर साहेब खूश. पण संध्याकाळी कुरियन माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साब, आबा का घर. ताला बाहर, धुआँ अंदर."

दाराला बाहेरून कुलूप आणि धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, धुराड्यातून चुलीचा धूर. मी ओळखलं. घर रिकामं दिसायला नको म्हणून आबा अक्कांना आत ठेवून कुलूप घालत होते. पंचनामा करायला कोणी आलं तर आत माणूस सापडला पाहिजे. बाकीच्या घरांतही असंच असेल का, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कुलपं सगळ्याच दारांना होती. मी आबांना विचारलं, दुसऱ्या ड्रिलला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. एकच उत्तर. "बठ्ठा उनात." आणि नजर माझ्या टोपीच्या बॅजवर.

मे महिना. दुपारची वेळ. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन ज्याने सोसलंय त्याला सांगायला नको. कुंपणाबाहेरचं गवत पेटलं. कशाने, ते चौकशीतही ठरलं नाही. वारा डेपोकडे वाहत होता. फायर पार्टी धावली. मी गेटवर वायरलेस सेट घेऊन होतो. सायरन दिला.

त्या दिवशी मला भोंगा लागलाच नाही. गावाने धूर बघितला आणि गाव निघालं. ढकलाढकली नाही, बोंबाबोंब नाही. दाराला कुलूप, "येस", आणि बांधाकडे. कित्येक जण नंतर म्हणाले की आम्हाला हीसुद्धा ड्रिलच वाटली. ठरल्याप्रमाणे कुरियन टँकर सोडून, आपला सेट घेऊन त्यांच्यात जाऊन बसला. तिथे त्याच्या केसालाही धक्का लागला नसता.

बांधावर पुढे जे झालं ते मला गावाने सांगितलं. डेपोत पहिला बार झाला. लहानच होता. कुरियनने आबांकडे बघितलं आणि विचारलं, "आबा, अक्का?"

आबांनी कमरेला हात लावला.

"आबा, आज ड्रिल नहीं."

दुसरा बार झाला. तेव्हा आबांनी कमरेची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. म्हणाले, "घरमा शे."

कुरियन उठला. ओलीस म्हणून बसलेला माणूस, पण त्याला कोणी अडवलं नाही. तो म्हणाला, "येस, आबा." आणि गावाकडे पळाला.

इकडे माझ्या सेटवर त्याचा आवाज आला. "साब, कुरियन. अक्का बाहर. बांध पर भेज दिया. ओव्हर."

"शाबास. तू पण बाहेर ये. ओव्हर."

"साब, बाकी ताला देखता. ठोक के देखता, अंदर कोई है क्या. ओव्हर."

"नको. शेड पेटली आहे. आत्ता बाहेर ये. ऑर्डर आहे. ओव्हर."

"येस," तो म्हणाला.

मग दारूगोळ्याची ती शेड उडाली.

मी जमिनीवर आडवा पडलो. उठलो तेव्हा कानात नुसती शिट्टी वाजत होती. सेट तोंडाशी धरून त्याचं नाव घेत राहिलो. गावातली निम्मी धाबी बसली होती. शेवटच्या गल्लीत एक मातीची भिंत पडली होती. तिच्याखाली तो सापडला. हात कुलपाजवळ होता.

गावातल्या एकाही माणसाला साधं खरचटलं नाही. आणि बाकीच्या प्रत्येक घराचं कुलूप खरं निघालं. आत कोणी नव्हतं. सगळे विश्वासाने बाहेर आले होते. एका कुलपामुळे त्याला बाकीच्यांचा संशय आला आणि तो बघत गेला. मला आबांचा राग आला, भयंकर आला. आजही कधी कधी येतो. मग धरण आठवतं, आणि कोणावर रागवावं तेच कळत नाही.

तो शेवटी काय म्हणाला, याच्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ऑर्डर ऐकून 'येस, साब' म्हणाला, की गावासारखं 'येस', म्हणजे 'येतो' म्हणाला? दोन्ही शब्द एकाच तोंडात बसलेले. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी फक्त "त्याने ऑर्डर ॲकनॉलेज केली" एवढं सांगितलं.

पाचोरा स्टेशनवरून आम्ही त्याला त्याच्या गावी पाठवलं. सलामी दिली. फलाटाच्या टोकाला सगळं गाव उभं होतं. आबा पुढे आले नाहीत. अक्का आल्या. पेटीला हात लावून म्हणाल्या, "याना घर कोन शे?"

"आई आहे," मी म्हटलं.

अक्का मटकन खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या.

डेपोने गावाची एक वीतही जमीन घेतली नाही. घरं पुन्हा उभी राहिली. पुढच्या वर्षी मेच्या आधी आबा स्वतः डेपोच्या गेटवर आले. ड्रिल कधी आहे, म्हणून विचारलं. मी तारीख सांगितली. त्यांनी अट वगैरे काही घातली नाही.

सायरन वाजला. दारं उघडली. आबांच्या दाराला कुलूप नव्हतं. नुसती कडी घातलेली होती. अक्का सगळ्यांच्या पुढे चालत होत्या. बांधाआड सगळे बसले. मधोमध एका माणसापुरती जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. कोणी ठरवून नाही, तिथे कोणी बसलंच नाही.

मी विचारलं, "बठ्ठा उनात का?"

आबांनी पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"नही," ते म्हणाले. "एक बाकी शे."

गिनती पूर्ण नसली की आमच्यात परेड मोडत नाहीत. मला परेड सोडायची 'विसर्जन' ही ऑर्डर देता येईना. ऊन वाढत होतं आणि सगळं गाव तसंच बसून होतं.

शेवटी अक्का उठल्या. पदर डोक्यावर घेतला आणि त्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाल्या, "येस रे, कुरणभाऊ."

मग एकेक जण उठला, तेच म्हणाला आणि घराकडे चालू लागला. सगळ्यांत शेवटी मी उठलो.