घरटी एक माणूस

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. अंकलिपी घरात होती, पण ती कपाटात जपून ठेवलेली. पत्रकं मात्र सगळीकडे असायची. गादीखाली, डब्यांच्या तळाशी, भाकरीच्या टोपलीत भाकरीखाली पसरलेली. वडील मिठागरात काम करायचे आणि उरलेल्या वेळात पेणच्या खाडीकाठच्या गावांत पत्रकं वाटायचे. कधी मजुरीसाठी, कधी बांधासाठी, कधी जमीन जाऊ नये म्हणून. गुलाबी किंवा पिवळा स्वस्त कागद, वर जाड ठशातला मथळा, खाली मागण्या आणि तळाशी छापखान्याचं नाव. जगातलं प्रत्येक वाक्य म्हणजे एक मागणी असते, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागले. पेणच्या छापखान्यात गणपतीच्या कारखान्यांची दरपत्रकं आणि लग्नपत्रिका यांच्यामध्ये माझा कागद घुसवला जायचा. मालक म्हणायचे, ताई, तुमचा मजकूर लावला की मशीन लवकर तापतं. त्यातलं एक पत्रक कोळशाबद्दल होतं. खाडीतून कोळशाचे बार्ज जाताना बघत मोठी झालेली मुलगी कोळशावर लिहिणारच. वीज हवी तर कोळसा कशाला जाळता, सूर्य डोक्यावर आहे, त्याच्याकडून घ्या, असं मी त्यात ठणकावून लिहिलं होतं. तो सूर्य कुणाच्या रानात उतरवायचा, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

लग्नानंतर मी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहायला आले. दोन खोल्या भाड्याच्या. नवरा रोह्याचाच, एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन. शिफ्टला निघाला की कुंडलिका नदीवरच्या पुलापर्यंत त्याच्या बाइकचा आवाज मला ओळखू यायचा. त्याला पत्रकांचा राग नव्हता आणि प्रेमही नव्हतं. मी वाचून दाखवलं की तो शेवटपर्यंत ऐकायचा आणि म्हणायचा, छान हाय, पण लय लांब हाय.

गेल्या हिवाळ्यात त्याला राजस्थानातून नोकरी आली. जैसलमेरच्याही पुढे, वाळवंटात. तिथे मैलोन्मैल सोलर पॅनेल लावलेली आहेत आणि त्यांची देखभाल करायला माणसं हवी होती. पगार वाढणार होता, राहायला क्वार्टर होतं. महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"घ्या पुढारी. तुम्ही मागितला तो सूर्य. आता येताय का?"

मी हसले. मग हसू थांबलं, कारण तो हसत नव्हता.

त्यानंतर आमच्या घरात एक विचित्र कोर्ट भरलं. न्यायाधीश मी, दोन्ही बाजूंची वकीलही मीच. सकाळी चहा करताना मला स्वच्छ दिसायचं की जायला हवं. ज्याची मागणी केली ते काम समोर चालून आलं आहे, आता उन्हाला घाबरायचं म्हणजे ढोंग झालं. संध्याकाळी तेवढंच स्वच्छ दिसायचं की जाऊ नये. स्वतःच्या खाडीवर एवढं बोलायचं आणि चांगला पगार दिसला की गाव सोडून वाळूत क्वार्टर घ्यायचं? तो शिफ्टवरून यायचा, बूट काढता काढता विचारायचा, आज काय निकाल? मी म्हणायचे, नाही जायचं. काल तर जायचं होतं, असं पुटपुटत तो आंघोळीला जायचा. शेजारच्या काकूंनी ऐकलं होतं की तिकडे वाळूत पापड भाजतात. मी म्हटलं, मग पेणच्या पापडवाल्या बायकांना आधी पाठवू या, त्यांचे पापड वाळायचे तरी हाल वाचतील.

गंमत करत होते, पण मला काही सुचत नव्हतं. पत्रक लिहिताना हे कधी झालं नव्हतं. तिथे 'आम्ही' ही एक बाजू असते आणि 'ते' ही दुसरी. इथे दोन्ही बाजूंना मीच उभी होते.

मग मी आणखी गुंता करून घेतला. पूर्वी एका शिबिरात राजस्थानातली एक मुलगी भेटली होती. तिला मेसेज केला, की नवऱ्याला तुमच्याकडे अशी अशी नोकरी आली आहे, जागा कशी आहे? संध्याकाळी तिच्याकडून एक फोटो आला. पिवळा कागद, जाड ठशातला मथळा, खाली मागण्या. हिंदीतलं पत्रक. त्याच भागातल्या मेंढपाळांनी काढलेलं. सरकारी कागदावर ज्या जमिनीला पडीक म्हटलंय ती पडीक नाही, असं त्यात लिहिलं होतं. तिथे आमच्या मेंढ्या चरतात, तिथे पाण्याची टाकी आहे, तिथल्या देवराईतल्या झाडांवर आम्ही कुऱ्हाड चालवत नाही. आता तिथे तारेचं कुंपण आलंय.

ते वाचताना कानशिलं तापली. आमच्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीलाही कागदावर पडीकच म्हणत होते. वडिलांच्या पत्रकातला पहिला मुद्दा नेहमी तोच असायचा. म्हणजे मी मागितलेल्या सूर्याविरुद्ध तिकडे कुणीतरी माझ्या वडिलांचंच पत्रक हिंदीत काढलं होतं. नवऱ्याला दाखवलं. त्याने ते नीट वाचलं आणि फोन परत दिला. मला वाटलं, त्याला कळलं नाही.

रविवारी मी माहेरी गेले. आई गेल्यापासून वडील एकटेच राहतात. मी एकुलती. ते ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसले होते, मीही परात पुढे ओढली. वालाची सालं काढता काढता सगळं सांगितलं. नोकरी, ऊन, मेंढपाळ, पत्रक. ज्यांनी जन्मभर जमीन सोडू नका म्हणून सांगितलं ते आता मला नको जाऊ म्हणतील आणि माझा प्रश्न सुटेल, अशी मला खात्री होती. ते म्हणाले, "जा की."

मी बांधाचा विषय काढला. आमच्याकडे खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध असतात. उधाणात बांध फुटला की घरटी एक माणूस, म्हणजे गावातल्या प्रत्येक घरातून एकजण, कामाला जातो. मजुरी नाही, हुकूम नाही, पण घर चुकलं तर सगळ्यांच्या लक्षात राहतं. वडिलांचे गुडघे गेल्यापासून आमच्या घरातून मी जाते, लग्नानंतरही. पहिल्या वेळी पोरगी आली म्हणून लोक हसले होते. आता कुणी हसत नाही. मी गेले तर आमच्या घरातून कोण?

"माझ्या बांधासाठी तू नवऱ्याला रोह्यात बसवून ठेवनार काय?" वडील म्हणाले. "तो काय म्हनतो?"

"म्हणतो चल."

"का म्हनतो?"

मी तोंड उघडलं. पगारासाठी, म्हणणार होते. पण पगाराबद्दल तो एकदाही बोलला नव्हता. इतके दिवस मी सूर्याचं मत घेतलं, खाडीचं घेतलं, मेंढपाळांचं घेतलं. ज्याला नोकरी आली होती त्याला विचारलंच नव्हतं.

"इचारलं नाय तू त्याला," वडील म्हणाले. ते विचारत नव्हते, सांगत होते.

परत आले तेव्हा नवरा जमिनीवर चादर घालून युनिफॉर्मला इस्त्री करत होता. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, की तुला तिकडे का जायचंय. त्याने इस्त्री उभी करून ठेवली.

"मला दम लागतो," तो म्हणाला. "प्लांटमध्ये एक जागा हाय, तिकडं गेलो की छातीत भरतं. दिवाळीच्या आधीपासून. डॉक्टर म्हनाला, जागा बदल. कोरड्या हवेत जा."

खोकला मला माहीत होता. तो थंडीचा आहे, असं मी ठरवून टाकलं होतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू पत्रक काढलं असतंस."

"काढायलाच हवं. तिथे तू एकटा नाहीस. बाकीच्यांनाही होत असणार. कंपनीला विचारायला नको? तपासणी मागायला नको?"

"बघ, झाली सुरू," तो म्हणाला. रागाने नाही, थकून. "मला पत्रकातला कामगार नाय व्हायचं गो. मला खोकला नसलेला मानूस व्हायचंय."

त्या पत्रकाची पहिली ओळ माझ्या डोक्यात तयार होती, हे मी लपवणार नाही. मी त्याच्या दोन सहकाऱ्यांशी बोलले. दोघांनाही त्रास होत होता आणि दोघांनीही हात जोडले, वहिनी, आमची नावं कुठं येऊ देऊ नका, पोरं शाळेत आहेत. मी लिहिलं नाही. न लिहिणं बरोबर होतं का, मला आजही ठरवता येत नाही. त्यांची भीती खरी होती आणि माझा मुद्दाही खरा होता. एवढं मला कळतं, पुढचं कळत नाही.

त्याच्या जाण्याबद्दल मात्र माझं कोर्ट त्या रविवारी संध्याकाळीच उठलं. त्याने होकार कळवला आणि होळीनंतर पनवेलहून गाडीत बसला. मी मागाहून जायचं, असं आम्ही दोघं म्हणालो. कधी, ते दोघांनीही विचारलं नाही.

तिकडून फोन यायला लागले. ऊन म्हणजे भट्टीचं दार उघडं राहिल्यासारखं, दुपारी लोखंडी पान्याला हात लावला तर फोड येईल. ताक इतकं प्यायलं की पोटात घुसळतंय. पण बोलताना तो मध्ये थांबत नव्हता. पूर्वी दर दोन वाक्यांनंतर खोकल्यासाठी थांबायचा. मी मोबाइल कानाला दाबून त्याचा श्वास ऐकत राहायचे आणि तो विचारायचा, हाय का लाइनीवर?

एकदा म्हणाला, "ते तुझे मेंढरंवाले रोज गेटावर येतात. पलीकडं जायला वाट मागतात. वॉचमन हाकलतो. माझ्याकडं बघतात. मला त्यांची बोली येत नाय, मी नुसता उभा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू ये," तो म्हणाला. "पन इथं पत्रक काढू नको." मग स्वतःच पुढे म्हणाला, "आनि काढायचंच तर हिंदीत काढ. यांना मराठी वाचता येत नाय."

म्हणजे मी तिथे कोण म्हणून जायचं? कुंपणाच्या आत क्वार्टर असलेली बायको की कुंपणाबाहेरच्यांची पत्रकवाली? ज्या तारेने त्याची छाती मोकळी केली तीच तार मी तोडायची मागणी करायची? हे मी कितीदा उलटसुलट करून पाहिलं. मागणीच तयार होत नाही.

तिकीट काढायला बसले होते तेवढ्यात वडिलांचा निरोप आला, की उधाणात बांधाला भगदाड पडलंय. तिकीट तसंच राहिलं आणि मी पेणची एसटी धरली.

ओहोटी लागल्यावर आम्ही रांगेत उभे राहिलो. गुडघाभर चिखल. एका टोकाला चिखलाचे गोळे कापायचे, हातोहात पुढे द्यायचे, दुसऱ्या टोकाला भगदाडात रचायचे. वडील डोक्याला पंचा बांधून बांधावर बसले होते आणि तिथूनच सगळ्यांच्या चुका काढत होते. माझ्या शेजारी वरच्या आळीतली एक काकी होती. गोळे देता देता तिने विचारलं, "घोव कुठं गो तुझा?"

"राजस्थानात. वाळवंटात."

"आनि तू चिखलात?"

रांगेत पुढे-मागे हसू पसरलं. मीही हसले.

"मग पुढल्या टायमाला तुझ्या घरातून कोन?" काकीने विचारलं.

मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं, कारण ते एकदम खाडीकडे बघायला लागले.

"कुठल्या घरातून?" मी विचारलं.

मी खरंच विचारत होते. काकी उत्तर देईल असंही क्षणभर वाटलं. तिने माझ्या हातात गोळा ठेवला. तो जड होता, पाणी गळत होतं, आणि पलीकडचा माणूस दोन्ही हात पुढे करून थांबला होता. मी तो पुढे दिला.