केसपेपरवरची माझी ओळ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला सांगतेय – का, ते माझं मलाही नीट कळत नाही.

मुरबाडच्या पलीकडे आमचं गाव. मी दुसरीत असताना बाप गेला. आई दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला जायची, काका वखारीवर गवताच्या गाठी बांधायचा. त्या दोघांच्या मजुरीवर मी शिकले – घरातली पहिली पदवीधर. याचा मला गर्व होता. आजही आहे.

मी कॉलेजात असताना काकाचं डोकं फिरलं. एकटाच बोलायचा, ताटात विष आहे म्हणायचा. म्हणूनच मी मानसशास्त्र घेतलं. पण पीएचडीच्या मुलाखतीत विचारलं, हाच विषय का – तर मी म्हणाले, वाचनाची आवड. त्या लोकांसमोर काकाचं नाव कसं काढायचं?

मुंबईच्या ज्या रुग्णालयात माझं संशोधन चालू होतं, तिथे नव्या रुग्णांची माहिती मी लिहून घ्यायचे. एका सकाळी मान वर केली, तर – आई. काकाचा दंड धरून उभी. न कळवता आलेली. माझ्या शेजारच्या खुर्चीत विभागातले मोठे डॉक्टर.

मी आईला विचारलं, "यांच्या कोण तुम्ही?"

तिनं माझ्या शेजारच्या डॉक्टरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "शेजारीन हाय मॅडम."

काका मात्र हसला. "बाय, जेवलीस का गो?"

"ओळखतो की काय हा तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही सर."

आणि मी लिहिलं – हो, मीच – 'अनोळखी व्यक्तींना नात्यातलं समजतो.' खाली सही केली.

डॉक्टर म्हणाले, भरती करू, पण सहीला घरचं माणूस आणा. शेजारणीची चालत नाही. "आनते," म्हणून आई त्याला घेऊन उठली. घरचं माणूस टेबलाशी पेन धरून बसलं होतं.

ती परत आली नाही. मी बोलावलं नाही – एक फोन करायला काय लागतं? त्या पावसाळ्यात काका घरातून निघून गेला. आईनं मुरबाडचा एसटी स्टँड, शहापूर, आसनगाव पालथं घातलं. मी गेले नाही. प्रबंधाचं काम आहे म्हणाले. काका सापडला नाही.

त्या सकाळबद्दल आईनं कधी शब्द काढलेला नाही. मीही नाही.

पीएचडी पूर्ण झाली. शहापुरात माझा दवाखाना आहे. पाटीवर नावाआधी डॉक्टर लिहिलेलं आहे.