बाईंचं ‘कशावरून?’

भवानी पेठेत माझ्या टॉवेलच्या दुकानासमोर एक निवृत्त शिक्षिका राहतात. संध्याकाळी ओट्यावर बसून त्या गल्लीतल्या पोरांना गोष्ट वाचून दाखवतात. गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मांडीवर पालथं घालून विचारतात, "म्हातारा रागावलाय का रुसलाय? कशावरून?" गोष्टीतली खूण दाखवल्याशिवाय पुढचं पान नाही. गिऱ्हाइकाची नजर बघून भाव सांगणारा मी, मला ते आवडायचं.

परवा मी फोनवर ओरडत होतो, "दुकान मी उभं केलं, अर्धं तो घेऊन गेला. त्या भावाचं नावसुद्धा काढू नका!"

ओट्यावरची एक पोरगी म्हणाली, "बाई, काकांना भाऊ परत पायजे."

"कशावरून गं?" बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"दुकानाची पाटी नवीन रंगवली, तरी 'आणि बंधू' ठेवलंय की!"

मी तणतणत दुकानाच्या पायऱ्या उतरलो. बाईंनी तिला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "बरोबर ओळखलंस. पण माणसाला असं मोठ्यानं वाचू नये, बाळा."

मी आल्या पावली दुकानात परतलो. भावाला फोन मी अजून केलेला नाही. पाटीही तशीच आहे.