सरकारला कोर्टात खेचणाऱ्या काकू

“गरम आहे का रे?” असं विचारत शेजारच्या काकू आत यायच्या आणि बसण्याआधी माझ्या हीटरवर हात ठेवायच्या, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. गार लागला की, “म्हणजे सगळीकडेच बोंब!” म्हणत पुढच्या दाराकडे.

ऐंशीच्या दशकातलं डेट्रॉईट. आमच्या घरमालकानं कर्ज फेडायला हात वर केले आणि इमारत केंद्र सरकारच्या हाउसिंग खात्याकडे गेली. खात्यानं दारावर नोटीस लावली: इमारत रिकामी करा. मी एकटा जीव, कुठेही पथारी टाकली असती. काका मात्र पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले. सरकारी मदतीशिवाय भाडं झेपणारं नव्हतं. ऐन थंडीत काकूंनी त्यांना न्यायचं तरी कुठे?

काकूंनी फुकट काम करणारी एक वकीलबाई गाठली. सरकारचं म्हणणं, भाडेकरूंना खात्यावर दावा लावायचा हक्कच नाही.

“हक्क नाही म्हणे! राहतो आम्ही, गारठतो आम्ही, आणि बोलायचं नाही?” काकू कडाडल्या आणि सह्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला.

“काकू, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.”

“मग मी वेडी. कर सही.”

केली. पण माझं ग्रीन कार्ड पेंडिंग होतं. ज्या सरकारकडे कार्ड मागायचं, त्याच्यावरच दावा? तीन दिवस मेलबॉक्समध्ये सरकारी पाकीट शोधत होतो. चौथ्या दिवशी, आता तुमच्यापासून काय लपवायचं, नाव काढून घ्यायला मी गुपचूप वकीलबाईंकडे गेलो.

त्यांनी फाइल उघडली. माझं नाव आधीच खोडलेलं.

“तुमच्या आंटी काल येऊन गेल्या. म्हणाल्या, त्याचे पेपर्स अजून व्हायचेत.”

काकूंची स्वतःची सिटिझनशिपची मुलाखत पुढच्याच महिन्यात होती. यादीत त्यांचं नाव पहिलं होतं.

निकाल यायला वर्ष लागलं: भाडेकरूंना दावा लावता येईल. तोवर कोर्टानं इमारत रिकामी करू दिली नव्हती. काका त्याच वर्षी, आपल्याच पलंगावर वारले आणि काकू भावाकडे दूर अर्विंगला राहायला गेल्या. मी फोन करून निकाल सांगितला. त्यांनी आधी एकेका बिऱ्हाडाची चौकशी केली, मग जरा चाचरल्या.

“तुला न विचारता तुझं नाव खोडलं रे मी. रागावला नाहीस ना?”

“नाही, काकू.”

खरं सांगायला जीभच रेटली नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. अर्विंगला जाऊ तेव्हा समोर बसून सांगू, असं ठरवलं.

जाणं झालं ते काकूंच्या तेराव्यालाच.