वकिलाच्या मेहुण्याची भाकरी

हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. सुरेखाला, म्हणजे बायकोला, तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि आमच्या घरी चहाला येण्याचीही शक्यता नाही. तरी सुरुवात कुठून करू? शेवटाकडून केली तर तुम्ही उठून जाल. म्हणून आधी हलकं हलकं सांगतो.

अंबडला कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर लोकांची प्रतिज्ञापत्रं करायची. ‘सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की’ — हे माझी बोटं झोपेतही टाइप करतील. बांधाची भांडणं, भावाभावांचे वाद, सगळे एकदम बोलतात आणि मी मान खाली घालून बडवत असतो. बसून बसून पोट सुटलं. एका वर्षी डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, मग माझं पोट पाहिलं, आणि पुन्हा रिपोर्ट पाहिला. ‘चालायला लागा,’ एवढंच म्हणाले. त्याचीच भीती वाटली.

मग आम्ही चौघा मित्रांनी ठरवलं — फिटनेस! एक वकील, एक झेरॉक्सवाला, एक बँकेतला, आणि मी. दर रविवारी सकाळी माझ्या गाडीतून शहागडला जायचं, गोदावरीच्या काठानं घाम निघेपर्यंत चालायचं, तिथंच झाडाखाली जेवायचं आणि दुपारी परत यायचं. सारख्या रंगाचे टी-शर्ट घेतले. मोबाइलवर ग्रुप काढला, त्यावर व्यायाम करणाऱ्या पिळदार लोकांचे फोटो टाकले. घरी माझी किंमत वाढली. सुरेखा शेजारणींना सांगायची, आमचे हे आता रोज लवकर उठतात. रोज नव्हतो उठत, पण तिला आनंद होता.

मोडलं ते जसं अशा गोष्टींचं मोडतं तसंच. बँकेतल्याची बदली झाली. वकिलाचा पाय मुरगळला तो मुरगळलेलाच राहिला. झेरॉक्सवाला रविवारी फोन उचलेनासा झाला. भांडण नाही, काही नाही. एका रविवारी मी गाडी काढून चौकात थांबलो आणि कुणीच आलं नाही.

तेव्हा घरी परत यायला हवं होतं ना? सांगायला हवं होतं की बुवा, मोडला आमचा कारभार. पण घरी रविवार म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी वास्तुशांती, आठवड्याचा बाजार, पोरीचा प्रोजेक्ट. मी गाडी वळवली नाही. सरळ शहागडला गेलो, एकटा.

आणि काय सांगू तुम्हाला... तसली सकाळ मी कधी पाहिली नव्हती. पाणी हलत नव्हतं. पलीकडच्या काठावर कुणीतरी धुणं बडवत होतं, आणि हात वर गेला की मग आवाज यायचा, मागाहून, जणू दुसऱ्याच कुणाचा. दूर पुलावरून ट्रक जात होते, पण त्यांची घरघर इथंपर्यंत येता येता झोपाळू व्हायची. बाभळीखाली चादर टाकली आणि पडलो. कुणी काही विचारत नव्हतं, कुणी काही लिहून मागत नव्हतं. झोप लागली की नाही ते आठवत नाही, पण मी आहे की नाही हेही थोडा वेळ आठवत नव्हतं. उन्हाचे कवडसे पापण्यांवर हलत होते. असं वाटलं, आयुष्यभर हेच तर पाहिजे होतं.

निघताना नदीचं पाणी टी-शर्टवर मारून घेतलं. घाम दिसावा म्हणून.

हसा. मीही हसायचो. पुढं दर रविवारचं तेच झालं. घरी सांगायचं, मित्रांबरोबर चाललो. कुणी मित्र रस्त्यात भेटून म्हणाला, अरे ये की रविवारी, तर सांगायचं, रविवार घरच्यांसाठी ठेवलाय. दोन्हीकडून माझी वाहवा! सुरेखा कधी कधी पोटाकडे बघून म्हणायची, “इतकं चालून राह्यलेत, मंग हे जागचं हलंना कसं?” मी म्हणायचो, आतून कमी होतंय.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आबांचं सांगायचंय.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर गाव सोडून आमच्याकडे अंबडला राहायला आले. आमचं घराणं मेंढरांमागचं. आता कुणी शेती करतं, कुणी कारखान्यावर जातं, मी टायपिंग करतो, पण आबांनी अर्धं आयुष्य कळपामागं चालत काढलं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्यांना कधी कळलाच नाही. माणूस नुसता चालायला चालत जातो, ना मागं मेंढरू ना पुढं चारा, याचं त्यांना फार नवल वाटायचं. पण मित्रांबरोबर जातो म्हटल्यावर ते खूश होते. सगळ्यांना सांगायचे, मेंढरामागं फिरून मला एक दोस्त जोडता आला न्हाई, पण माझ्या पोरानं तीन जोडलेत.

आणि त्यांचा एक नेम होता. तो कळपाबरोबरच्या दिवसांतला. वाटेला लागणाऱ्यानं आपल्या एकट्यापुरती भाकरी बांधायची नाही, सोबत्यांचीही बांधायची. कुणाची वाटेत संपली असेल, कुणाला घरून मिळाली नसेल. म्हणून माझ्या पिशवीत चौघांचं अन्न असायचं. बाजरीच्या भाकरी, पिठलं, ठेचा, कांदे. सुरेखा पहाटे उठून करायची आणि आबा दारात उभे राहून पिशवी हातानं तोलून बघायचे, पुरेल ना चौघांना म्हणून.

चौघांना! मी एकटा खाऊन किती खाणार? काठावर तीन कुत्री होती. त्यांना माझी गाडी लांबून ओळखू यायची.

ती पिशवी जड असायची. पहिल्यांदा पुढच्या सीटवर ठेवली तर गाडी टुंग टुंग वाजायला लागली. सीटवर वजन पडलं की तिला वाटतं माणूस बसलाय, आणि पट्टा लावेपर्यंत ती गप्प होत नाही. मग मी पिशवीला पट्टा लावला. भाकरीला सीटबेल्ट! मला त्या दिवशी वाटभर हसू येत होतं.

एका संध्याकाळी आबा माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून त्या बसण्यातच मला काहीतरी कळलं. म्हणाले, “शहागडला जाता ना तुम्ही? आम्ही तिथूनच उतरून गेल्तो मेंढरं घेऊन. पाणी गुडघ्याला होतं. कोकरं खांद्यावर घेतल्ती.” मग म्हणाले, “एकदा मला बी घेऊन चल की रे. पाण्यात पाय बुडवीन. दुसरं काही न्हाई.”

मी म्हणालो, या रविवारी जाऊ.

का म्हणालो? त्या क्षणी मनापासून म्हणालो, एवढं खरं. पण आठवडाभर मला तेच टोचत राहिलं. आबा आले म्हणजे मित्र कुठं आहेत विचारणार. झोपायला चादर कशाला, विचारणार. कुत्री धावत येतील. आणि त्याहून... हे सांगायला नको वाटतं... मला माझी ती सकाळ कुणाला द्यायची नव्हती. वडिलांनाही नाही. म्हाताऱ्या माणसाला उतरवा, धरा, गोष्टी ऐका. त्या तीन-चार तासांचा मला असा लोभ सुटला होता.

रविवारी उठलो तर आबा ओट्यावर तयार बसलेले. धुतलेलं धोतर, लाल पटका, खांद्यावर घोंगडी घडी करून. गोदावरीला पाय लावायचेत म्हणून आंघोळही थंड पाण्यानं केलेली. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी मला पाहून हात न टेकता उठले. जमतंय मला, असं दाखवायला.

मी म्हणालो, “आबा, आज वकिलाचा मेहुणा येतोय पुण्याहून. गाडी भरली.”

असा कुणी मेहुणा नव्हता. गाडीत पाच माणसं बसतात, आणि आम्ही चौघं, म्हणजे एक जागा उरते. हा हिशोब आबांनाही येत होता. म्हणून मला पाचवा माणूस लागला आणि तो मी तिथल्या तिथं, उभ्या उभ्या, तयार केला. पुण्याचासुद्धा केला.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. तेवढं तरी हवं होतं, पण नाही. म्हणाले, “बराबर हाय. पाव्हणा माणूस, त्याला न्हाई कसं म्हणावं.” मग ते आत वळले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाले, “सुरेखा, अजून एका माणसाची भाकर टाक. पाव्हणा हाय बरोबर.”

ती भाकरी भाजून होईपर्यंत मी अंगणात उभा होतो. आबा ओट्यावर बसून पटका सोडत होते. घाई नव्हती त्यांना. एक एक वेढा हातावर गोळा करत होते.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना मी? भाकरी तव्यावर होती. अजून वेळ होता.

पिशवी घेतली. पुढच्या सीटवर ठेवली. गाडी वाजली. पट्टा लावला. आरशात आबा दिसले. ते हात वर करून उभे होते, मुंडावळ्या बांधलेल्या पोराला पाठवताना उभं राहावं तसे. अंकुशनगरच्या साखर कारखान्यापाशी उसाच्या गाड्यांमागं अडकलो, मळीचा वास आत आला, आणि काच वर करताना माझं लक्ष शेजारच्या सीटकडं गेलं. तिथं ती पिशवी ताठ बसली होती. त्या दिवशीही मी नदीवर झोपलो. झोप लागली, हे सांगायलाच हवं. चांगली लागली.

परत आलो तर आबांनी पहिलं विचारलं, “मेव्हणा जेवला का बराबर?”

जेवला म्हणालो. ठेचा आवडला म्हणालो. आबांना फार बरं वाटलं. पुढं कित्येक दिवस अधूनमधून विचारायचे, तो वकिलाचा मेव्हणा आल्ता का परत? मी त्याला नोकरी दिली, दोन मुलं दिली. नदीचं मात्र आबांनी पुन्हा नाव काढलं नाही. मी मनात म्हणायचो, हिवाळ्यात नेऊ. हिवाळ्यात म्हणायचो, थंडी कमी होऊ दे. मग एका सकाळी ते मोरीत पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि तिथून पुढं खाटेवरच.

आबा गेले. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आम्ही शहागडला गेलो. मडकं लाल कापडात बांधून माझी धाकटी बहीण पुढच्या सीटवर बसली, मांडीवर घेऊन. तिनं पट्टा लावला. मागं सुरेखा, चुलते आणि बहिणीचा नवरा. त्या दिवशी गाडी खरंच भरली होती.

काठावर कुत्री धावत आली. बहीण म्हणाली, “तुझ्याकडंच येऊन राह्यले, दादा.” मी म्हणालो, भुकेली असतील. मग तिनं डोळे पुसत विचारलं, “तुझे रविवारचे मित्र मातीला दिसले न्हाईत. आबा लई नाव काढायचे त्यांचं.” माझ्या हातात मडकं होतं. पाण्यात गुडघ्याइतका उभा होतो मी, आबांनी सांगितलं होतं तेवढ्याच पाण्यात. तिथं उभं राहून मी म्हणालो, ते बाहेरगावी गेलेत, मेहुण्याकडं, पुण्याला.

वडील हातात असताना. हेच सांगायचं होतं मला. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं होतं.

सुरेखा अजून पाच जणांच्या भाकरी बांधते, न जाणो मेहुणा आला तर. आबांचा नेम म्हणून. मी अजून जातो. झोप मात्र आता येत नाही. नुसता पाण्याकडं बघत बसतो आणि पलीकडं कुणीतरी कोकरू खांद्यावर घेऊन उतरतंय असं वाटत राहतं.

पिशवी पुढच्या सीटवरच ठेवतो. पण तिला पट्टा लावत नाही. गाडी वाजायला लागते आणि शहागडपर्यंत वाजत राहते. मी वाजू देतो.